कोशातले शेजारी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

इंग्रजी कोशाच्या एकाच पानावर सख्ख्या भावंडांसारखे दिसणारे दोन शब्द भेटतात. स्पेलिंगमध्ये एखाद्या अक्षराचा फरक, उच्चार जवळपास एक, अर्थ मात्र भलताच. या महिन्यात अशाच जोड्यांवरचे प्रश्न घेतले आहेत. देवनागरीत यांतले बरेच शब्द हुबेहूब सारखे दिसतात, त्यामुळे गरज पडेल तिथे अक्षरे सुटी करून दिली आहेत. शेजारी एखादा इंग्रजी कोश उघडून ठेवलात तर उत्तम, कारण दोन शब्दांचे भांडण मिटवायला पुष्कळदा त्यांच्या मधला तिसरा शब्दच कामी येतो.

प्रश्न (नाशिक): गृहकर्जाच्या पत्रावर 'इन-प्रिन्सिपल सँक्शन' असे छापून आले आणि त्याच्या शेवटी पी-ए-एल होते. मला वाटते पी-एल-ई हवे. मग कॉलेजच्या प्रिन्सिपलचे स्पेलिंग कोणते आणि मुद्दलाचे कोणते?

उत्तर: तुमचे बरोबर आहे, पत्र चुकले. 'इन-प्रिन्सिपल' म्हणजे तत्त्वतः मंजुरी. तत्त्व या अर्थाचा शब्द पी-एल-ई ने संपतो. कॉलेजचे प्राचार्य आणि कर्जाचे मुद्दल हे दोघेही पी-ए-एल वाले.

प्राचार्य आणि मुद्दल एका घरात कसे राहतात? पी-ए-एल वाल्या शब्दाचा मूळ अर्थ 'मुख्य' एवढाच आहे. शिक्षकांतला मुख्य तो प्राचार्य, आणि व्याज ज्याच्यावर चढते ती मुख्य रक्कम म्हणजे मुद्दल. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये एजंट ज्याच्या वतीने काम करतो त्यालाही हाच शब्द आहे, कारण व्यवहारातला मुख्य माणूस तो. दोन्ही शब्दांचे मूळ लॅटिनमधल्या 'पहिला, प्रमुख' अशा अर्थाच्या शब्दात आहे. 'प्रिन्स'ही तिथलाच. कोशात या दोघांच्या मध्ये 'प्रिन्सिपॅलिटी' बसलेला दिसेल. त्याचा अर्थ राजपुत्राची सत्ता असलेले छोटे संस्थान. प्रमुखपणाचा अर्थ 'ए-एल'कडे गेला, हे त्याच्यावरून लक्षात राहते.

घाईत असाल तर वाक्यात 'मुख्य' आणि 'तत्त्व' हे दोन्ही शब्द घालून पाहा. 'मुख्य' बसला तर पी-ए-एल, 'तत्त्व' बसले तर पी-एल-ई. आणखी सोपे हवे असेल तर पी-ए-एल म्हणजे पाल! प्राचार्यांच्या केबिनच्या भिंतीवर पाल असतेच, आणि मुद्दलही तितक्याच चिवटपणे कर्जाला चिकटून असते. ३० लाखांचे कर्ज, ९ टक्के दर आणि २० वर्षे मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे २६,९९२ रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातले २२,५०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून जेमतेम ४,४९२ उतरतात. हप्त्यांच्या तक्त्यातल्या त्या रकान्याचे स्पेलिंग तपासा, तिथे पी-ए-एलच हवे.

प्रश्न (इचलकरंजी): दुकानाची पाटी रंगवायची आहे. 'स्टेशनरी'त शेवटून तिसरे अक्षर 'ए' की 'ई'? गावात दोन्ही प्रकारच्या पाट्या आहेत.

उत्तर: 'ई'. 'ए' घातलात तर पाटीचा अर्थ 'स्थिर, जागचे न हलणारे' असा होईल. दुकानाबद्दल ते खोटे नाही, पण तुम्हाला वह्या-पेनं विकायची आहेत.

कोशात क्रम असा लागतो: आधी 'ए' वाला स्थिर, मग 'स्टेशनर' म्हणजे कागद-वह्या विकणारा, मग 'ई' वाला माल. मधला दुकानदार पाहा. बेकर विकतो ते बेकरीत मिळते, ग्रोसर विकतो ती ग्रोसरी, तसा स्टेशनर विकतो ती स्टेशनरी. तिन्हींत दुकानदाराच्या शेवटचे 'ई-आर' तसेच ठेवून पुढे फक्त 'वाय' लागतो.

मुळात दोन्ही शब्द 'उभे राहणे' याच अर्थातून निघाले. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते माल घेऊन फिरत, तर विद्यापीठांजवळ पुस्तके विकणारे एका जागी दुकान मांडून बसत, म्हणून ते स्टेशनर. लंडनमधल्या त्यांच्या संघाला १५५७ मध्ये राजाज्ञेची सनद मिळाली. रेल्वेचे स्टेशन याच कुळातले, आणि आपले 'स्थानक'सुद्धा. संस्कृतातला 'स्था' आणि लॅटिनमधला त्याचा भाऊबंद एकाच आदिभाषेतून आले आहेत. एसटी स्टँडमधला 'स्टँड'ही त्यांचाच नातलग.

पेंटरला तोंडी सांगू नका. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आणि पाटीवरची आखणी झाली की रंग भरण्याआधी एकदा पाहून घ्या. ऑइल पेंट वाळल्यावर 'ए'चा 'ई' करायला ते अक्षर घासून पुन्हा रंगवावे लागते आणि मागचा रंग क्वचितच जुळतो.

प्रश्न (ठाणे): भाडेकरारावर 'लायसन्स' दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिले आहे, एकदा सी, एकदा एस. यामुळे करार बाद होतो का?

उत्तर: स्पेलिंगवरून करार बाद होत नाही. नावे, रक्कम, मुदत आणि नोंदणी महत्त्वाची. पण दोन्ही स्पेलिंगे एकाच करारात बरोबरही असू शकतात.

ब्रिटिश पद्धतीत, म्हणजे भारतातही, नाम सी ने आणि क्रियापद एस ने लिहितात. परवाना ही वस्तू, म्हणून 'लीव्ह अँड लायसन्स'मध्ये सी. परवाना देणे ही क्रिया, म्हणून तिथे एस. परवाना देणारा 'लायसन्सर' आणि घेणारा 'लायसन्सी' हे क्रियापदापासून बनतात, म्हणून त्यांच्यात एस. दुकानांवर 'लायसन्स्ड' असते, तिथेही एस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या इंग्रजी मजकुरात हीच विभागणी आहे. 'ड्रायव्हिंग लायसन्स'ला सी.

'प्रॅक्टिस'ला हाच नियम. डॉक्टरची प्रॅक्टिस सी ने, प्रॅक्टिस करतो ते एस ने. ऐकून ओळखायचे असेल तर 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइझ' ही जोडी पक्की करा. सल्ला असेल तर स, सल्ला देणे असेल तर झ. 'डिव्हाइस' उपकरण आणि 'डिव्हाइझ' योजणे, हे तसेच. बोलताना फरक ऐकू येतो त्या जोडीचा नियम लक्षात ठेवून तोच बाकीच्यांना लावायचा.

अमेरिकेत मात्र लायसन्स दोन्हीकडे एस ने आणि प्रॅक्टिस दोन्हीकडे सी ने. तुमचा संगणक सी वाल्या 'लायसन्स'खाली लाल रेघ मारत असेल तर भाषा अमेरिकन इंग्रजी लावलेली आहे. वर्डमध्ये 'रिव्ह्यू', मग 'लँग्वेज', मग 'सेट प्रूफिंग लँग्वेज' असे जाऊन इंडिया किंवा युनायटेड किंगडम निवडा. त्याआधी कंट्रोल-ए दाबून सगळा मजकूर निवडून घ्या. तसे न केल्यास जिथे कर्सर असेल तेवढ्याचीच भाषा बदलते.

'ॲडव्हाइस'चे एक पथ्य. मराठीत आपण चार सल्ले देतो, इंग्रजीत सल्ल्याला अनेकवचन नाही. बँकेतली 'पेमेंट ॲडव्हाइस' ही सूचनेची चिठ्ठी वेगळी, तिचे अनेकवचन चालते.

प्रश्न (सातारा): शाळेत 'कौन्सेलर' नेमले आहेत. नोटिशीत जे स्पेलिंग आहे त्याचा अर्थ नगरसेवक होतो, असे एका पालकांनी सांगितले. खरे का?

उत्तर: त्यात सी-आय-एल असेल तर खरे. परिषदेचा शब्द सी-आय-एल ने संपतो, सल्ल्याचा एस-ई-एल ने. परिषदेचा सभासद तो नगरसेवक. आपल्याकडे लोक 'कॉर्पोरेटर' म्हणतात, पण महापालिका कायद्याच्या इंग्रजी मजकुरात 'कौन्सिलर' आहे. मुलांशी बोलणारे समुपदेशक एस-ई-एल वाले. कोर्टात बाजू मांडणारे वकीलही एस-ई-एल, आणि विधान परिषद सी-आय-एल.

ही जोडी वरच्या जोड्यांसारखी एका घरातली नाही. लॅटिनमध्येच दोन वेगळे शब्द होते, एक सभा बोलावण्यावरून आलेला आणि दुसरा सल्लामसलतीवरून. त्यांच्यात तिथेही एकाच अक्षराचा फरक होता, त्यामुळे इंग्रजीत ते शतकानुशतके एकमेकांत मिसळत राहिले. कोशात थोडे आधी 'कॉन्सल' भेटेल. तो वाणिज्यदूत, व्हिसासाठी ज्याच्या कचेरीत जावे लागते तो. तिथे 'यू' नंतर 'एन' नसून 'ओ' नंतर 'एन' आहे. अमेरिकन विद्यापीठांच्या अर्जांत समुपदेशकाला एकच 'एल' दिसला तर तो छापखान्याचा दोष मानू नका, तिकडची पद्धत तशीच आहे.

प्रश्न (पुणे): 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल', 'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल'. शेवटच्या 'अल'ने नेमके काय बदलते?

उत्तर: सगळीकडे एकच गोष्ट बदलते, असे सांगणारे पुस्तक हाती आले तर जपून वापरा. प्रत्येक जोडीची सवय वेगळी आहे.

'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित: आर्थिक धोरण, आर्थिक मंदी. 'इकॉनॉमिकल' म्हणजे कमी खर्चात भागणारे: साबणाचा मोठा पॅक, जास्त ॲव्हरेज देणारी मोटारसायकल. सरकारची 'इकॉनॉमिकल पॉलिसी' लिहिलेत तर काटकसरीचे धोरण असा अर्थ निघेल. मराठीत 'आर्थिक' आणि 'किफायतशीर' हे शब्द एकमेकांपासून दूर असल्यामुळे ही चूक अर्थाची गल्लत म्हणून होत नाही. कानाला 'इकॉनॉमिकल' जास्त भारदस्त वाटतो, म्हणून होते.

'हिस्टॉरिक'च्या बाबतीत उलटे. इथे मराठीच आपल्याला फसवते, कारण दोन्हींना 'ऐतिहासिक' हा एकच शब्द. इतिहासात नोंद होईल इतके महत्त्वाचे ते 'हिस्टॉरिक'. १ मे १९६० हा दिवस तसा. इतिहासाबद्दलचे किंवा इतिहासातले ते 'हिस्टॉरिकल'. पेशवे दप्तरातला एखादा मोडी कागद घ्या. त्यात चार बैलांच्या चाऱ्याचा हिशेब असला तरी तो 'हिस्टॉरिकल' आहे, 'हिस्टॉरिक' असेलच असे नाही. भाषांतर करताना आधी स्वतःला विचारा: यातला मुद्दा महत्त्वाचा की काळाचा?

'क्लासिक' म्हणजे अव्वल नमुना, 'क्लासिकल' म्हणजे अभिजात परंपरेतले. शास्त्रीय संगीत नेहमी 'क्लासिकल'. 'इलेक्ट्रिक' विजेवर चालणाऱ्या वस्तूला लागते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला धावली ती देशातली पहिली इलेक्ट्रिक गाडी. 'इलेक्ट्रिकल' विषयाला किंवा व्यवसायाला लागते: इलेक्ट्रिकल इंजिनीअर, इलेक्ट्रिकल वायरिंग. इंजिनीअरला 'इलेक्ट्रिक' म्हणालात तर तो चार्जिंगला लावावा लागेल.

एक दिलासा. क्रियाविशेषण करताना दोघांचेही रूप एकच होते, 'आय-सी-ए-एल-एल-वाय'. तिथे निवडायचे काहीच नाही. फक्त 'पब्लिक'चे रूप मधल्या 'ए-एल'शिवाय होते, आणि हमखास चुकते.

प्रश्न (अकोला): मंडळाच्या स्मरणिकेतल्या जाहिरातीत 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम' मध्ये 'आय' की 'ई'?

उत्तर: 'आय'. शुभेच्छा, कौतुक आणि फुकटचा पास हे सगळे 'आय' वाले. 'ई' वाला म्हणजे पूर्णत्व आणणारा. कोशात 'ई' वाल्याच्या लगेच पुढे 'कम्प्लीट' येतो, तोच त्याचा साक्षीदार, आणि त्यातही 'एल'नंतर 'ई'च आहे. दोन्ही शब्द 'पुरे भरणे' या लॅटिन क्रियापदातून आले. 'आय' वाला इटालियन आणि फ्रेंच दरबारांतून, शिष्टाचार 'पुरा करणे' अशा वळणाने इंग्रजीत शिरला.

याच शब्दावर एक प्रश्न नववीतल्या विद्यार्थिनीचा आहे, तो इथेच घेतो. व्यवहारात आपण 'ई' वाल्याला 'पूरक' म्हणतो: पूरक रंग, पूरक आहार. पण भूमितीत ९० अंश बेरजेच्या कोनांना 'कॉम्प्लिमेंटरी' आणि मराठीत कोटिकोन म्हणतात. 'पूरक कोन' म्हणजे १८० अंशांची जोडी, इंग्रजीत 'सप्लिमेंटरी'. सेमी-इंग्रजीच्या मुलांचे गुण इथे जातात. रोजच्या मराठीवरून भाषांतर न करता अंशांवरून ओळखायचे. इंग्रजी नावे घोळत असतील तर वर्णमालेचा क्रम वापरा: सी आधी म्हणून लहान बेरीज, एस नंतर म्हणून मोठी.

प्रश्न (कोल्हापूर): मेन्यूकार्डावर आइस्क्रीम आणि गुलाबजामच्या वर 'डेझर्ट्स' छापले आहे, एका एस ने. चालेल?

उत्तर: नाही. एका एस ने वाळवंटे होतात. गोडाला दोन एस, आणि उच्चार 'डिझर्ट', भर दुसऱ्या भागावर. वाळवंट 'डेझर्ट', भर पहिल्या भागावर. एका एस च्याच स्पेलिंगचा तिसरा शब्द म्हणजे सोडून पळणे, सैन्यातून पळालेल्याला लागतो तो. त्याचा उच्चार मात्र गोडासारखा 'डिझर्ट'. इंग्रजीला दया नाही.

जेवणानंतर ताटे आवरणे यासाठी फ्रेंचमध्ये एक क्रियापद आहे, त्यावरून 'ताटे आवरल्यावर येते ते' असा गोडाचा शब्द बनला. आणखी एक चौथा: 'जस्ट डिझर्ट्स', म्हणजे केल्या कर्माचे फळ. तो एका एस चा, कारण तो 'डिझर्व्ह'वरून आला. कोशात वाळवंटाच्या थोडे पुढे 'डिझर्व्ह' आहे, तिथे एस मोजून घ्या. मिठाईवरून आला असे समजून त्याला दुसरा एस लावणारे इंग्लंडातही कमी नाहीत.

प्रश्न (पनवेल): 'इन' लागले की अर्थ उलटा होतो, असे शिकलो. मग टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' का? ते तर पेट घेते.

उत्तर: तुम्ही शिकलात तो 'इन' वेगळा. लॅटिनमध्ये दोन 'इन' होते, एक नकाराचा आणि एक 'आत, -मध्ये' या अर्थाचा. टँकरवरचा दुसरा. कोशात त्याच्या आधी 'इन्फ्लेम' म्हणजे पेटवणे आणि नंतर 'इन्फ्लेमेशन' म्हणजे दाह सापडेल. दोन पेटत्या शेजाऱ्यांच्या मधला न पेटणारा कसा असेल?

ही शंका तुमच्या एकट्याची नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने १९२०च्या दशकातच 'इन' काढून नुसते 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला होता. कारण हेच, माणसे उलटा अर्थ घेतील. दोन्ही शब्दांचा अर्थ एक: सहज पेटणारे. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल'. कारखान्यात पिंपांवर किंवा डब्यांवर स्वतः इशारा लिहायची वेळ आली तर 'फ्लेमेबल' लिहा, शेजारी मराठीत 'ज्वलनशील' लिहा आणि ज्वालेचे चिन्ह लावा. तिथे भाषेच्या इतिहासाला मान देण्याचे कारण नाही.

प्रश्न (लातूर): चिठ्ठीवर 'ऑल्टरनेट डेज' लिहिले आहे. आई म्हणते, पर्यायी गोळी. कोणते खरे?

उत्तर: एक दिवसाआड. पर्यायाला 'ऑल्टरनेटिव्ह'. अमेरिकेत पर्यायालाही 'ऑल्टरनेट' म्हणतात, पण पुढे 'डेज' असेल तर शंका नको.

घोळ शब्दापाशी संपत नाही, तो कॅलेंडरवर होतो. विषम तारखांना घ्यायची असे ठरवलेत तर ३१ आणि १ या लागोपाठच्या दिवशी दोन गोळ्या पोटात जातात. वार ठरवलेत तरी जमत नाही, आठवड्यात सात दिवस असल्यामुळे या आठवड्यात सोम-बुध-शुक्र-रवि आले तर पुढच्यात मंगळ-गुरु-शनि येतात. म्हणून कॅलेंडरवर पहिल्या दिवसापासून एकेक दिवस सोडून फुल्या मारा. ३० दिवसांना १५ गोळ्या लागतात. पाकिटात ३० आल्या असतील तर डॉक्टरांनी रोजची सांगितली होती का, हे घेण्याआधी विचारा.

'बायवीकली' चिठ्ठीवर किंवा कुठेही दिसले तर सरळ विचाराच. त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदाही, आणि कोश दोन्ही देतात.

प्रश्न (बेळगाव): असे जुळे शब्द इंग्रजीतच इतके का? आपल्याकडे नाहीत.

उत्तर: आहेत की. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुत मुलगा, सूत धागा. शिर डोके, शीर रक्तवाहिनी. पाणि हात, पाणी जल. मराठी कोशातही हे एकमेकांजवळच बसतात आणि परीक्षेत तितकेच छळतात.

फरक क्रमाच्या तत्त्वात आहे. आपली वर्णमाला उच्चारावर रचलेली आहे. कंठातले वर्ण एकत्र, ओठांतले एकत्र. त्यामुळे कानाला जवळचे ते कोशातही जवळ पडते. इंग्रजी कोश डोळ्यांनी लावलेला आहे. रात्रीचा 'नाइट' एन मध्ये आणि सरदार 'नाइट' के मध्ये, उच्चार एक असूनही पानांचे शेकड्याने अंतर. उलट शेजारी बसलेल्यांचे उच्चार वेगळे असू शकतात, वाळवंट आणि गोडासारखे. म्हणून इंग्रजी कोशात शेजारी सापडला की तीन गोष्टी पाहायच्या: उच्चाराचा भर कुठे, नाम की क्रियापद, आणि मूळ कोणते. बहुतेक चांगले कोश या तिन्ही गोष्टी देतात, आपण थेट अर्थावर उडी मारतो.

कोशातला अक्षरांचा क्रम इंग्रजांनाही शिकवावा लागला होता. १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने सुमारे २,५०० अवघड शब्दांचा कोश काढला. फक्त इंग्रजीतून इंग्रजी अर्थ देणारा तो पहिला मानतात. त्याच्या सुरुवातीलाच त्याने समजावले आहे की शब्द 'ए'ने सुरू होत असेल तर कोशाच्या आरंभी शोधा, 'व्ही'ने होत असेल तर शेवटाकडे.

प्रश्न (सोलापूर): पोलिसांचे 'मॉरल' खच्ची झाले, असे बातमीत वाचले. बरोबर?

उत्तर: खच्ची झाले ते 'मोराल', शेवटी 'ई', भर 'राल'वर. अर्थ मनोधैर्य. 'ई' नसलेला म्हणजे नैतिक, किंवा गोष्टीचे तात्पर्य. पोलिसांचे 'मॉरल' खच्ची झाले तर बातमी फारच मोठी होईल. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये मनोधैर्याच्या शब्दाला शेवटी 'ई' नाही. भर शेवटी द्यायचा, हे कळावे म्हणून इंग्रजांनी तो जोडला. 'लोकल' आणि 'लोकाल'चे तसेच, दुसरा म्हणजे घटनास्थळ.

'ह्यूमन' आणि 'ह्यूमेन', 'अर्बन' आणि 'अर्बेन' याही 'ई'च्या जोड्या. पहिला मानवी, दुसरा दयाळू. पहिला शहरी, दुसरा सुसंस्कृत वागणुकीचा. भर चारही ठिकाणी ओळखता येतो, 'ई' आला की शेवटाकडे सरकतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगरहून एक विद्यार्थी): 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स' मध्ये दोन 'ई' शेजारी की वेगळे?

उत्तर: वेगळे. मधल्या 'टी'ने दोन्ही 'ई'ची ताटातूट केली आहे, आणि शब्दाचा अर्थही 'सुटे सुटे' असाच. 'ई' शेजारी असतील तर अर्थ तोंड सांभाळून वागणारा.

प्रश्न (रत्नागिरी): सोसायटीच्या गच्चीवर 'लाइटनिंग अरेस्टर' बसवला. बिलात 'टी' नंतर 'ई' आहे.

उत्तर: 'ई' काढून टाका. आकाशातल्या विजेत 'ई' नाही, शब्द दोन तुकड्यांचा, 'लाइट-निंग'. 'ई' घातला की तीन तुकडे होतात, 'लाइट-न-इंग', आणि अर्थ होतो हलके किंवा उजळ करणे, क्रीमच्या जाहिरातीतला. बिलाचे स्पेलिंग राहू द्या, अर्थिंगची पट्टी जमिनीत नीट पोहोचली आहे का ते मात्र तपासून घ्या.

प्रश्न (चिपळूण): 'लूज' आणि 'लूज'. एक ओ की दोन?

उत्तर: सैल असेल तर दोन ओ आणि उच्चार 'लूस', शेवटी स. हरवणे किंवा हरणे असेल तर एक ओ आणि उच्चार 'लूझ'. मराठीत आपण दोघांनाही 'लूज' करून टाकले आहे. लूज मोशन म्हणतो, वजन लूज करतो म्हणतो, आणि मग लिहितानाही एकच येते. वजन घटवायचे असेल तर एक ओ घटवा. आणि कोशात या दोघांच्या मध्ये कोण बसले आहे पाहा: 'लूट'. हा शब्द इंग्रजांनी इथूनच नेला.